नर्मदेकाठी तंबू ठोकण्याआधी पाण्याची वेळ विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की इंदुरातल्या मराठी घरांतून एक चौकशी ऐकू येऊ लागते. नर्मदेवर कनू किंवा कयाक, म्हणजे वल्ह्यांच्या अरुंद हलक्या होड्या, घेऊन दोन-तीन दिवस जायचे, दिवसा वल्हवायचे, रात्री काठावर तंबूत राहायचे, वाटाड्या आणि स्वयंपाक आयोजकाचा. विचारणारे बहुधा तीनच गोष्टी विचारतात : पैसे किती, जेवायला काय, पोहता यायलाच हवे का. रात्री पाणी किती वाजता येते, हे कुणी विचारत नाही. हे पत्र त्या न विचारलेल्या प्रश्नासाठी.

ओंकारेश्वरच्या खालची नर्मदा पावसाळा सोडला तर विजेच्या मागणीवर चढते-उतरते. वर इंदिरा सागर धरणाचे १००० मेगावॅटचे वीजघर, त्याच्या खाली ओंकारेश्वर धरणाचे ५२० मेगावॅटचे. ओंकारेश्वरला ६५ मेगावॅटची आठ यंत्रे आहेत आणि पाणी साधारण तीस-बत्तीस मीटर खाली पडते. शाळेतल्या भौतिकशास्त्राने हिशेब केला तरी एक यंत्र पूर्ण चालवायला दर सेकंदाला सव्वादोनशे घनमीटरच्या आसपास पाणी लागते. आठही सुरू झाली की अठराशेच्या वर. सगळी यंत्रे बंद असताना ज्या खडकावर बसून आपण चहा पितो, तो खडक दोन-चार यंत्रे सुरू होताच दिसेनासा होतो. ओंकारेश्वरच्या घाटासमोर भाविक खडकांवर अडकण्याचे प्रकार असेच घडलेले आहेत.

आता वेळेचे गणित बघा. विजेची मागणी संध्याकाळी वाढते. समजा सात वाजता यंत्रे सुरू झाली. सोडलेल्या पाण्याचा फुगवटा ताशी पाच-सहा किलोमीटरने खाली सरकतो असे धरले, तर तीसेक किलोमीटरवर, म्हणजे रावेरखेडीच्या बाजूला, तो मध्यरात्रीच्या सुमारास पोचणार. तेव्हा सगळे झोपेत असतात. धरणावरचा भोंगा धरणाजवळच्यांसाठी असतो, तीस किलोमीटर खाली तो कुणाला ऐकू येत नाही. संध्याकाळी पाहिलेल्या शांत पाण्यावरून रात्रीच्या पाण्याचा अंदाज बांधणारा वाटाड्या कितीही पट्टीचा पोहणारा असो, त्याच्यासोबत जाऊ नये. आणि ही वेळ रोज तीच राहत नाही. मागणी बदलली की यंत्रांचे तास बदलतात, म्हणून रोज दुपारी वीजघराकडून किंवा प्रशासनाकडून माहिती घेणे हे वाटाड्याचे पहिले काम. कुणाला विचारतोस, कोणत्या क्रमांकावर, असे त्याला पैसे देण्याआधीच विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर समजून घ्यावे.

हा बाऊ वाटत असेल त्यांनी धाराजी आठवावे. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातल्या धाराजीच्या जत्रेत इंदिरा सागरातून सोडलेल्या पाण्यात पन्नासहून जास्त भाविक वाहून गेले. पाऊस नव्हता, पूर नव्हता. ते ठिकाण आता ओंकारेश्वरच्या जलाशयात बुडालेले आहे.

म्हणून मुक्कामाची जागा. वाळूचे बेट दिसायला सुंदर, तंबूच्या खुंट्या पटकन रुततात, आणि नेमकी तीच जागा वर्ज्य. बेटाला मागून वाट नसते. जागा अशी हवी की अंधारात, हातात मूल घेऊनही, मागच्या उंचवट्यावर चालत जाता येईल. काठावर दोन रेघा शोधाव्यात : कातळावरची ओली काळी रेघ, आणि तिच्या वर वाळलेल्या पाचोळ्याची, प्लास्टिकची, निर्माल्याची रेघ. पहिली कालचे पाणी सांगते, दुसरी अलीकडचे सर्वांत मोठे पाणी. तंबू दुसऱ्या रेघेच्याही वर, आणि चालू पाण्यापासून उभ्या उंचीने किमान तीन मीटर. उभ्या मातीच्या दरडीखाली झोपू नये, तिच्या कडेवरही तंबू लावू नये. पाणी चढून दरड भिजते, आणि पाणी उतरले की तिला बाहेरून असलेला दाब जातो. ओल मात्र आतच राहते. त्यामुळे दरडी बहुधा पहाटे, पाणी ओसरत असताना ढासळतात.

होड्या काठावर नुसत्या ओढून ठेवू नयेत. तंबूच्या उंचीवर उचलून आणाव्यात, पालथ्या घालाव्यात आणि पुढचे-मागचे अशी दोन्ही टोके झाडाला बांधावीत. वल्ही होडीखाली. झोपण्याआधी पाण्याच्या कडेला एक काठी रोवून तिच्यावर चिकटपट्टीची खूण करावी. रात्री पाळीपाळीने कुणीतरी जागे राहून दर अर्ध्या तासाने बॅटरीने ती बघावी. अर्ध्या तासात पाणी वीतभर चढले की सगळ्यांना उठवायचे, सामान नंतर. आठ जणांत पहारा वाटला तर एकेकाला तासभर येतो, त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही.

वाट कोणती, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ओंकारेश्वरच्या घाटावरून नारळ फोडून निघण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण तिथे मोटारबोटींची वर्दळ, खडक आणि धरणाचे ताजे पाणी हे तिन्ही एकत्र असते. नवख्यांनी ओंकारेश्वरच्या खाली मोरटक्क्याला खेडीघाटावरून होडी पाण्यात घालावी. तिथून रावेरखेडीवरून मंडलेश्वरच्या अलीकडे, हा तीन दिवस-दोन रात्रींचा टप्पा बेताचा आहे. भरलेली कनू स्थिर पाण्यात ताशी चार किलोमीटर जाते. नवखा माणूस दिवसाला चार-पाच तासच नीट वल्हवू शकतो, पुढे खांदे बोलायला लागतात. दिवसाचे पंधरा-सतरा किलोमीटर धरावेत. जानेवारीत सकाळी धुके असते, समोरचा काठ दिसल्याशिवाय निघू नये. फेब्रुवारी उलटला की दुपारी पश्चिमेचा वारा तोंडावर येतो. नदीही पश्चिमेलाच जाते, त्यामुळे प्रवाह साथीला असूनही होडी जागच्या जागी असल्यासारखी वाटते. तेव्हा सकाळी लवकर निघून बारापर्यंत आटोपावे.

रावेरखेडीचा मुक्काम मराठी माणसाला टाळवणार नाही. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी तिथेच गेले, समाधी नर्मदेच्या काठीच आहे. दर्शन जरूर घ्यावे. तंबू मात्र समाधीच्या आवारात ठोकू नयेत, आणि चुलीचा धूर तर नाहीच नाही.

मंडलेश्वरजवळ महेश्वर प्रकल्पाचे धरण आडवे उभे आहे. प्रकल्प रखडला, पण भिंत आणि दरवाजे आहेत, आणि होडीला दरवाजा उघडा की बंद याने फरक पडत नाही : दोन्ही वेळा जवळ जाणे घातक. उघड्या दरवाजाकडे पाणी दिसते त्यापेक्षा जास्त वेगाने ओढले जाते. धरण दिसू लागताच काठ धरावा आणि होड्या पाण्याबाहेर काढाव्यात. त्याच पट्ट्यात जलूदला इंदूरचे पिण्याचे पाणी उचलतात; उपशाच्या बांधकामाजवळही फिरकू नये. पुढे महेश्वरला जायचे तर होड्या गाडीने न्याव्यात. १६ फुटी कनू छोटा हत्तीच्या हौद्यात मावत नाही, निम्मी बाहेर लोंबते. लांब हौद्याची पिकअप आधीच सांगून ठेवावी, पट्ट्यांनी आवळावी, दोरखंड प्रवासात ढिले पडतात. मागच्या टोकाला लाल फडके.

महेश्वरच्या खाली सहस्रधारा. तिथल्या काळ्या कातळातून फुटणाऱ्या धारांवर कनू स्लॅलमच्या, म्हणजे खळाळत्या पाण्यात टांगलेल्या खांबांमधून होडी वळवत नेण्याच्या, स्पर्धा होतात. २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांतला स्लॅलम तिथेच झाला. फोटो पाहून लोक विचारतात, आमची सफर तिथून जाईल का? जाऊ नये. स्लॅलमची होडी रिकामी, हलकी, चटकन वळणारी असते आणि खेळाडूला उलटून सुलटे होणे येते. तंबू, शिधा आणि पाण्याचे जार भरलेली कनू त्या धारांत आडवी झाली की कातळाला चिकटते. आत भरलेले पाणी आणि मागचा रेटा मिळून तिला अशी दाबून धरतात की चार माणसांनाही ती निघत नाही.

होडीबद्दल. कनू वरून उघडी, एकपाती वल्ह्याची. कयाक वरून झाकलेली, पाय पसरून बसायची, दुपाती वल्ह्याची. मुक्कामी सफरीला नवख्यांसाठी १६-१७ फुटी दोघांची कनू बरी. सामान मावते, उतरता-चढता येते, मूल मध्ये बसते. कयाक हवीच असेल तर १४ फुटांच्या वरची, पुढे-मागे बंद कप्पे असलेली. तलावांवर भाड्याने मिळते ती वर बसायची आखूड कयाक तासाभराच्या गमतीसाठी ठीक. तिच्यावर सामान वरच बांधावे लागते, वजन उंचावर जाते आणि ती लाटेला कलंडते. हवा भरायच्या होड्या स्वस्त पडतात. कातळाची धार त्यांना सोसत नाही हे एक. दुसरे लक्षात येत नाही ते असे : गार पाण्यात ताठ वाटणारी होडी दुपारी तापल्या वाळूवर ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. काठावर आणताच थोडी हवा सोडावी लागते.

भरण्याची रीत सरळ आहे, पण निम्म्या होड्या चुकीच्याच भरलेल्या दिसतात. जड वस्तू तळाला आणि मध्ये : पाणी, गॅसची ५ किलोची टाकी, शिधा. हलके वर आणि टोकांना. माणसे बसल्यावर होडीचा काठ पाण्यापासून किमान सहा इंच वर राहिला पाहिजे. नाक शेपटीपेक्षा बोटभर उचललेले असावे. नाक जड झाले की होडी सरळ चालत नाही, शेपूट कडेला घसरत राहते आणि मागचा माणूस दिवसभर ते सावरण्यातच दमतो. पाणी आत न शिरणाऱ्या पिशवीचे तोंड किमान तीन वेळा गुंडाळायचे, म्हणून पिशवी पाऊणच भरायची. ठासून भरली की गुंडाळायला कापड उरत नाही आणि पाणी आत शिरते. झोपायचे कपडे अशा दुहेरी पिशवीत. फिरकीच्या झाकणाचा निळा प्लास्टिकचा ड्रम शिध्यासाठी उत्तम, उंदीर-कुत्र्यांपासूनही वाचवतो. सगळे होडीला बांधलेले हवे. माणूस मात्र कशालाच बांधलेला नको.

मागच्याने एक युक्ती पहिल्या तासातच शिकून घ्यावी. वल्हे ओढून संपत आले की अंगठा खाली करत पाते फिरवायचे आणि बाहेर किंचित ढकलायचे. होडी सरळ राहते, दर चार फटक्यांना बाजू बदलावी लागत नाही. जोर दंडात न घेता कमरेतून पिळा देऊन घ्यावा.

जीवरक्षक जाकीट. नदीत असेपर्यंत अंगावर आणि बंद असावे, बसायची गादी म्हणून नव्हे. प्रौढाला १०० न्यूटनचे, म्हणजे साधारण दहा किलो भार उचलणारे. तपासणी अशी : घालून पट्टे आवळावेत आणि दुसऱ्याने खांद्यांना धरून वर उचलावे. जाकीट हनुवटीच्या वर सरकले तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. मुलांच्या जाकिटाला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. दाबल्यावर आतला फोम कुरकुरला किंवा चेपलेलाच राहिला तर ते जाकीट कामातून गेलेले.

होडी उलटली तर होडी सोडू नये, ती तरंगते. पण प्रवाहात असाल तर पाणी जिकडून येते त्या, होडीच्या वरच्या अंगाला राहावे. होडी आणि खडक यांच्या मध्ये सापडू नये. होडी सुटली तर उताणे व्हावे, पाय पुढे, बोटे पाण्याबाहेर. गुडघ्याच्या वर वाहते पाणी असेल तर उभे राहायचा प्रयत्न करू नये. पाय कातळाच्या फटीत अडकला की पाणी पाठीवर बसते आणि माणूस पालथा पडतो. चांगले पोहणारेही असेच जातात. वाटाड्याकडे १५-२० मीटरची तरंगती दोरी पिशवीत भरलेली हवी, कमरेला सुरी हवी. दर सहा माणसांमागे एक वाटाड्या, आणि तांड्यात एक सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे. शिट्टी एकदा म्हणजे इकडे बघा, तीनदा म्हणजे संकट. दोन होड्यांमागे एक जादा वल्हे. पाणी उपसायला तेलाचा पाच लिटरचा डबा तिरका कापला की झाले.

निमाडच्या काठाचा एक धोका बाहेरून आलेल्या वाटाड्यांना ठाऊक नसतो. शेतीचे पंप नदीला लागून बसवलेले असतात, त्यांच्या तारा काठीला टेकवून किंवा थेट पाण्याच्या कडेने नेलेल्या असतात. जोड उघडे असतात. होडी लावताना पंप दिसला तर पन्नास पावले सोडून लावावी, पाण्यात पडलेल्या काळ्या नळ्या-तारांना हात लावून होडी ओढू नये. नायलॉनची जाळी संध्याकाळी टाकतात आणि सकाळी काढतात. पहाटे निघणाऱ्यांनी तरंगत्या बाटल्यांच्या ओळीत शिरू नये. सुरी त्यासाठीच. नर्मदा जयंतीला भाविक या काठापासून त्या काठापर्यंत चुनरी नेतात. त्या दिवशी घाटांच्या पुढून जाणारी सफर ठेवूच नये, कुणाच्या भक्तीत आपली होडी अडकायला नको. मोटारबोटीच्या लाटेला होडीचे नाक तिरपे द्यावे, कूस देऊ नये.

मगर नर्मदेचे वाहन, हे आपण आरतीत मानतो आणि काठावर विसरतो. हिवाळ्यात ती सकाळी वाळूवर ऊन खात पडते. वाळूत पोटाच्या घसटीची खूण आणि दोन्ही बाजूंना पंजे दिसले तर पुढे जावे. फेब्रुवारी ते एप्रिल हे अंडी घालण्याचे दिवस, तेव्हा मादी जवळ येऊ देत नाही. तिन्हीसांजेला काठावर उकिडवे बसून भांडी घासू नयेत. पाणी बादलीने वर आणावे, खरकटे नदीत टाकू नये.

पिण्याचे पाणी नदीचे नको. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. माणशी दिवसाला पिणे-रांधणे धरून चार लिटर लागतात. आठ जणांना तीन दिवसांचे ९६ लिटर, म्हणजे जवळजवळ क्विंटलभर ओझे. एवढे एकदम घेऊन होडी बुडवण्यापेक्षा काठच्या गावातून मध्ये एकदा भरून घ्यावे, आणि उकळावे. जेवणात दाल-बाफल्यांचा हट्ट नको, बाफले भाजायच्या गोवऱ्या दवाने ओल्या होतात. पहिल्या दिवशी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, रात्री खिचडी, सकाळी पोहे. पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याची पुडी आणि शेव विसरलात तर मात्र इंदूरकर म्हणवू नये.

शौचासाठी पाण्यापासून सत्तर पावले दूर, मातीत वीतभर खोल खड्डा. वाळूत पुरू नये, वाळूत कुजत नाही आणि पुढचे पाणी ते नदीत नेते. त्याच पाण्याने परिक्रमावासी आचमन करतात. परिक्रमावासी नर्मदा ओलांडत नाहीत. त्यांना गमतीने "चला, पलीकडे सोडतो" म्हणू नये. आश्रमाजवळ थांबायचे तर विचारून, "नर्मदे हर" म्हणून. १ एप्रिल २०२५ पासून ओंकारेश्वर, मंडलेश्वर आणि महेश्वरमध्ये दारूबंदी आहे. "काठावर कोण बघतो" म्हणणाऱ्या आयोजकाला घरीच ठेवावे. दररोजच्या मुक्कामाची जागा, माणसांची संख्या आणि जवळचे सरकारी रुग्णालय, म्हणजे सनावद, बडवाह की मंडलेश्वर, हे निघण्याआधी पोलिस ठाण्याला लेखी दिलेले असावे. मोबाइलची रेंज दरडीखाली जाते, ११२ लावायचा तर वर चढावे लागते.

संपादक महोदय, आमची मागणी आपल्याकडूनही आहे. पावसाळ्यात आपण इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि मोरटक्क्याची पातळी रोज छापता. नोव्हेंबर ते मार्च ती चौकट बंद होते. वल्हवणारे, काठावर झोपणारे परिक्रमावासी, पहाटे जाळी काढणारे आणि खडकांवर कपडे धुणाऱ्या बायका यांना तर ती याच दिवसांत हवी असते, कारण पावसाळ्यात पाण्यावर कुणाचा विश्वास नसतोच. ओंकारेश्वरची किती यंत्रे किती ते किती चालणार आणि ते पाणी मोरटक्का, रावेरखेडी, मंडलेश्वरला अंदाजे कधी पोचणार, एवढे वीजघराकडून रोज मिळवून सोन्या-चांदीच्या भावाखाली दोन ओळींत छापावे. आदल्या दिवशीचे वेळापत्रक बदलले, तर बदलले असेही छापावे.

आपले,
नर्मदेवर वल्हवणारे काही वाचक
इंदूर